मृगाचा किडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग नक्षत्र लागतं, पहिल्या सरी कोसळतात, आणि ठाणे-नवी मुंबईत येऊरच्या वाटेवर, पारसिकच्या उतारावर, खारघरच्या माळावर ओल्या मातीतून लालभडक, मखमली जीव वर येतात. मग फोटो फिरू लागतात आणि प्रश्नही. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण या जिवाचं खरं आयुष्य आपल्याला दिसतं त्यापेक्षा खूप मोठं आहे आणि ते अर्ध्यात तोडून सांगणं बरं वाटत नाही.

हा नक्की कोण? किडा, कोळी की ढेकणाचा प्रकार?

आपण त्याला किडा म्हणतो, पण तो कीटक नाही. कीटकांना सहा पाय असतात, याला आठ. कोळी, विंचू आणि गोचीड ज्या अष्टपाद वर्गात येतात त्याच वर्गातला हा माइट आहे. बहुतेक माइट इतके बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत. मृगाचा किडा मात्र माइटांमधला राक्षसच म्हणायचा: आपल्याकडचे मोठे नमुने एक सेंटिमीटरच्या आसपास भरतात.

कोळ्याचं शरीर दोन भागांत विभागलेलं असतं आणि मध्ये बारीक कंबर असते. माइटला कंबर नसते. पुढे तोंडाचा छोटा भाग आणि मागे एकसंध धड, एवढंच. मृगाच्या किड्याचं धड दाट, आखूड केसांनी झाकलेलं असतं आणि मखमल दिसते ती या केसांमुळे. पुढचे दोन पाय तो चालताना जरा उचलून, चाचपत नेतो. त्या पायांचं मुख्य काम वास आणि स्पर्श टिपणं हे आहे. भिंग असेल तर डोळे जरूर पाहा. दोन्ही बाजूंना आखूड देठांवर प्रत्येकी दोन बारीक डोळे बसलेले दिसतात.

चावतो का? विषारी आहे का?

नाही. मोठ्या झालेल्या मृगाच्या किड्याला माणसाच्या रक्तात काहीच रस नाही. मुलांनी तळहातावर घेतला तर काही बिघडत नाही. नंतर हात धुवावेत, आणि किडा जिथून उचलला तिथेच ठेवावा.

मग इतका लाल का?

लाल रंग कॅरोटिनॉइड जातीच्या रंगद्रव्यांमुळे येतो. उघड्या मातीवर भर दिवसा, सावकाश चालणारा, डंख नसलेला, कवच नसलेला जीव असा भडक रंग मिरवत फिरतो, याचा अर्थ त्याला लपण्याची गरज नाही. मखमली माइट चवीला वाईट असतात. त्यांना एकदा तोंडात घेऊन थुंकून देणारा भक्षक पुढच्या वेळी लाल रंग पाहूनच दूर राहतो. प्राण्यांच्या जगात अशा रंगाला धोक्याचा इशारा म्हणतात.

बोट लावलं की तो पाय आत घेऊन निपचित पडतो. मेला असं समजून त्याला टाकून देऊ नका. थोडं थांबलात तर तो पुन्हा चालू लागतो.

पावसाच्या आधी कुठे असतो आणि पावसानंतर कुठे जातो?

जमिनीत. वर्षाचा बहुतेक काळ तो मातीतच काढतो. उन्हाळ्यात माती कोरडी ठणठणीत झाली की खोलवर जाऊन स्वस्थ पडून राहतो. पहिल्या दमदार पावसाने ओल आत पोचली की वर येतो. मुंबई परिसरात मोसमी पाऊस पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, आणि मृग नक्षत्र लागतं ७-८ जूनला. नक्षत्राचं नाव या जिवाला चिकटलं ते या जुळणीमुळे.

वर येण्यामागे दोन कारणं असतात, खाणं आणि जोडीदार. त्याच सुमारास वारुळांतून पंख फुटलेली वाळवी उडते. घरात दिव्याभोवती ही पावसाळी पाखरं जमली की आपण दिवे मालवतो, तीच ही वाळवी. पंख गाळून जमिनीवर उतरलेली वाळवी म्हणजे मखमली माइटांसाठी आयती मेजवानी. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या डायनोथ्रोम्बियम पँडोरी या त्यांच्या भाऊबंदाचा अभ्यास १९६०च्या सुमारास न्यूएल आणि टेव्हिस या शास्त्रज्ञांनी केला. तो माइट पाऊस पडून गेल्यावर, वाळवी उडण्याच्या दिवशी, अवघे काही तास जमिनीवर येतो, पोट भरतो, जोडी जमवतो आणि पुन्हा वाळूत शिरतो. उरलेलं वर्ष भूमिगत! आपल्याकडे पाऊस लांबतो, जमीन ओली राहते, त्यामुळे आपल्याला तो त्याहून जास्त दिवस दिसतो. पण जुलैच्या धुवांधार पावसात, गवत उंच झालं की शोधूनही सापडत नाही.

तो खातो काय?

वाळवी, इतर बारीक संधिपाद प्राणी आणि कीटकांची अंडी. चिमट्यासारख्या अवयवांनी भक्ष्याला भोक पाडतो, त्यात पाचक रस सोडतो आणि पातळ झालेलं अन्न शोषून घेतो. घास चावून गिळणं त्याला जमत नाही. त्याच्या कुळातल्या ॲलोथ्रोम्बियम प्रजातीवर (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) चीन आणि इराणमध्ये बरंच काम झालं आहे, कारण तिची पिल्लं मावा किडीवर जगतात आणि मोठे माइटही मावा खातात. अशा जिवाला शेतकऱ्याने मित्र मानायला हवं.

त्याचं जीवनचक्र कसं असतं?

माझ्या मते या जिवाची सगळ्यात थक्क करणारी गोष्ट हीच, आणि नेमकी तीच फार थोड्यांना ठाऊक असते.

मादी ओलसर मातीत अंडी घालते. एका मादीची अंडी शेकड्यांनी, मोठ्या जातींत हजारांनीही असतात. अंड्याचं कवच फुटल्यावर आतला जीव लगेच बाहेर पडत नाही. एका पातळ आवरणात तो आणखी काही काळ थांबतो. त्यानंतर बाहेर येतो तो डिंभ. याला सहाच पाय असतात. आकाराने तो ठिपक्याएवढा, दिसायला आईबापांपेक्षा पूर्ण वेगळा, आणि स्वभावाने परजीवी. एखादा नाकतोडा, रातकिडा किंवा माशी सापडेपर्यंत तो वणवण करतो. सापडली की तिच्या अंगावर, बहुधा पंखांच्या मुळाशी किंवा सांध्यांतल्या मऊ त्वचेवर, चिकटतो आणि अंगरस शोषत फुगतो. यजमान कीटक सहसा मरत नाही, पण अंगावर डिंभ फार झाले तर अशक्त होतो.

पोट भरलं की डिंभ गळून मातीत पडतो. पुढची अवस्था, पहिलं अर्भक, डिंभाच्या जुन्या कातडीतच निश्चल पडून राहते. ती खात नाही, चालत नाही. आत शरीराची नव्याने घडण होत असते. त्यातून दुसरं अर्भक बाहेर पडतं. याला आठ पाय असतात, ते मोकळेपणाने हिंडतं आणि शिकार करतं. त्यानंतर तिसरं अर्भक, पुन्हा निश्चल. आणि मग प्रौढ माइट. म्हणजे चालती आणि थांबलेली अवस्था आलटून पालटून. परजीवी म्हणून सुरुवात करायची आणि शिकारी म्हणून मोठं व्हायचं, असा हा क्रम. साधारणपणे वर्षाला एक पिढी होते.

आपण जूनमध्ये पाहतो ती या साखळीची शेवटची कडी. बाकीच्या कड्या मातीत आणि नाकतोड्यांच्या पंखांखाली असतात.

नर-मादी कसे ओळखायचे? जोडी कशी जमते?

नुसत्या डोळ्यांनी नर-मादी ओळखता येत नाहीत. जोडी जमण्याची रीत मात्र विलक्षण आहे. नर थेट समागम करत नाही. तो काडीवर किंवा मातीवर बारीक देठ उभे करतो आणि त्यांच्या टोकांवर शुक्राचे थेंब ठेवतो. काही जातींचे नर भोवती रेशमासारखे धागे सोडून वाटही आखतात. मादीला जागा पसंत पडली तर ती त्या थेंबांवरून जाते आणि ते उचलून घेते.

वर्गीकरणात याची जागा कुठे?

वरून खाली उतरू. संधिपाद हा संघ. त्यात अष्टपाद वर्ग. अष्टपादांत माइट आणि गोचिडी मिळून ॲकॅरी. त्यात ॲकॅरिफॉर्मिस ही मोठी शाखा, तिच्यात ट्रॉम्बिडिफॉर्मिस गण, त्यात प्रोस्टिग्माटा उपगण. या उपगणात श्वासाची छिद्रं तोंडाच्या अवयवांजवळ उघडतात. त्याच्या पोटात पॅरासिटेन्गोना. हिच्यात डिंभ परजीवी आणि नंतरच्या चालत्या अवस्था शिकारी हा ढंग सर्वसाधारणपणे सगळीकडे सापडतो. आणि शेवटी ट्रॉम्बिडिइडी हे कुळ, खऱ्या मखमली माइटांचं.

लिनियसने १७५८ साली सगळे माइट आणि गोचिडी ॲकरस या एकाच प्रजातीत घातल्या होत्या. युरोपातला मखमली माइटही त्यातच होता. फॅब्रिशियसने १७७५ साली ट्रॉम्बिडियम ही वेगळी प्रजाती केली आणि लीचने १८१५ साली तिच्यावरून कुळाला नाव दिलं. भारतातल्या मोठ्या मृगाच्या किड्याला बहुतेक लिखाणात ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिमम म्हणतात. हे नाव १८६७ सालचं.

म्हणजे येऊरला दिसतो तो ट्रॉम्बिडियम ग्रँडिसिममच ना?

फोटोवरून तसं छातीठोक म्हणू नका. राक्षसी आकाराचे मखमली माइट डायनोथ्रोम्बियम या प्रजातीतही आहेत आणि वरवर पाहता ते सारखेच दिसतात. जात ठरवायची तर सूक्ष्मदर्शकाखाली केसांची घडण, पाठीच्या पुढच्या भागातली कठीण पट्टी, तोंडाजवळच्या अवयवांवरचे काटे, पायांच्या टोकांची लांबी-रुंदी असं सगळं मोजावं लागतं.

त्यातही एक मोठी अडचण आहे. या कुळाची ओळख बऱ्याचदा डिंभावरून पटते, आणि डिंभ प्रौढासारखा मुळीच दिसत नाही. नाकतोड्यावरून गोळा केलेल्या डिंभांना एका शास्त्रज्ञाने एक नाव द्यायचं आणि मातीतून मिळालेल्या प्रौढांना दुसऱ्याने दुसरं, असं पिढ्यान्‌पिढ्या होत आलं. एकाच जिवाची दोन नावं, आणि त्यांची गाठ पडायला मादीकडून प्रयोगशाळेत अंडी घालून घेऊन डिंभ वाढवावे लागतात. हे चिकाटीचं काम आहे आणि ते करणारी माणसं जगातच कमी आहेत. आपल्या नोंदीत ‘मखमली माइट, ट्रॉम्बिडिइडी कुळ’ एवढंच लिहिलंत तरी ती नोंद प्रामाणिक आणि उपयोगी ठरते. उगाच जातीचं नाव जोडलं की पुढच्या अभ्यासकाची वाट चुकते.

गोचीड याची जवळची नातलग का?

तशी जवळची नाही. गोचिडी पॅरासिटिफॉर्मिस या दुसऱ्या शाखेत येतात. ॲकॅरिफॉर्मिस माइटांच्या केसांत एक पदार्थ असतो, त्यामुळे ध्रुवित प्रकाशात ते केस चमकतात. गोचिडीचे केस तसे चमकत नाहीत. या दोन शाखा खरोखर एकाच पूर्वजाच्या आहेत का, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. जनुकांचे काही अभ्यास त्यांना एकत्र ठेवतात, काही वेगळं काढतात. माइट फार जुने आहेत एवढं नक्की: स्कॉटलंडमधल्या रायनी इथल्या खडकात सापडलेला प्रोटॅकेरस हा जीवाश्म सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

खरे जवळचे नातलग हवे असतील तर तलावावर जा. उपवन किंवा कचराळीच्या काठावर बसलेल्या चतुराच्या किंवा टाचणी या त्याच्या सडपातळ भाऊबंदाच्या छातीखाली कधी कधी लाल मणी चिकटलेले दिसतात. ते पाणमाइटांचे डिंभ. पाणमाइट पॅरासिटेन्गोनातलेच, फक्त पाण्यात उतरलेले.

आमच्या गच्चीच्या कठड्यावर बारीक लाल ठिपके भराभर धावतात. ती याची पिल्लं का?

नाही. ते बहुधा एरिथ्रेइडी या शेजारच्या कुळातले वेगळे माइट असतात. चिरडले तर लाल डाग पडतो, म्हणून लोक घाबरतात. पाण्याने पुसून काढा, औषध मारायची गरज नाही. कुंडीतल्या गुलाबाच्या पानामागे जाळी करणारा लाल कोळी (नावाने कोळी, पण तोही माइटच) आणखी निराळा. तो मात्र झाडाचा रस शोषतो, पानं पिवळी पाडतो.

माइट चावून येणारा ताप, स्क्रब टायफस, याच किड्यामुळे होतो ना?

या किड्यामुळे नाही, पण त्याच्या चुलत कुळामुळे होतो. म्हणून हा प्रश्न गांभीर्याने घ्यायला हवा.

ट्रॉम्बिक्युलिडी कुळातल्या माइटांचे डिंभ कीटकांवर जगत नाहीत. त्यांना उंदीर, चिचुंद्र्या, पक्षी असे पाठीचा कणा असलेले प्राणी लागतात. झुडपांतून जाणारा माणूस वाटेत आला तर ते त्यालाही चावतात. हे डिंभ साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढे, नारिंगी, डोळ्याला जवळपास न दिसणारे. भारतात लेप्टोट्रॉम्बिडियम डेलिएन्स ही जात ओरिएन्शिया सुसुगामुशी हा जीवाणू वाहून नेते. आई माइटकडून अंड्यांत जीवाणू उतरतो, त्यामुळे पिल्लू जन्मतःच बाधित असू शकतं. चावतो तो फक्त डिंभ. मोठा झालेला माइट मातीत शिकार करून जगतो, अगदी मृगाच्या किड्यासारखा.

चावल्यानंतर साधारण आठ-दहा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. अनेकांना चावल्या जागी न दुखणारी काळी खपली दिसते, आणि ती काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली अशा झाकल्या जागी असते. पावसाळ्यात आणि त्यानंतर डोंगरावर, झाडीत फिरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना ‘मी झाडीत गेलो होतो’ हे स्वतःहून सांगा. ठाण्यात पावसाळ्यातला ताप म्हटलं की डेंगी, मलेरिया आणि लेप्टो आधी आठवतात, स्क्रब टायफस मागे राहतो. डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने तो वेळीच आटोक्यात येतो, उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि मेंदूपर्यंत जातो. पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेली पँट, गवतावर न लोळणं, आणि घरी आल्यावर आंघोळ करून कपडे गरम पाण्यात धुणं, एवढं सांभाळावं.

मखमली लाल किडा दिसला म्हणून यातलं काहीही होत नाही. दोघांना एकाच मापाने मोजून मृगाचे किडे मारणं हा शुद्ध अन्याय आहे.

आमच्या गावी आजी म्हणायची, मृगाचे किडे दिसले की पेरणीला लागा. हे खरं का?

किडा दिसला म्हणजे वरची माती भिजली, इतकं खरं. पुढचा पाऊस कधी येईल हे त्याला कळत नाही. आजीच्या काळी जमिनीची ओल पाहायला याहून चांगली खूण क्वचितच असेल, आणि ती खूण निरीक्षणातून आलेली आहे, म्हणून तिचा आदर करावा. पण आज कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका असं सांगतो, त्याला कारण आहे. पहिल्या सरीनंतर उघडीप आली तर किडा परत मातीत जातो, बियाणं मात्र जळून जातं.

याचं तेल लकव्यावर आणि ताकदीसाठी चालतं म्हणे?

बीरबहुटीचं, म्हणजे याच किड्याचं, तेल युनानी औषधांत जुन्या काळापासून आहे, आणि छत्तीसगडसारख्या भागांत पावसाळ्याच्या सुरुवातीला हे किडे गोळा करून विकले जातात. ज्यांच्या घरात तेवढीच कमाई आहे त्यांना दोष देता येणार नाही. पण लकव्यावर ते तेल चालतं याला माणसांवरच्या भक्कम चाचण्यांचा आधार नाही. लकव्याचा झटका आलेल्या माणसासाठी पहिले काही तास मोलाचे असतात. त्याला तेल चोळत बसू नका, तडक हॉस्पिटलात न्या.

अंडी घालण्याआधीच मादी उचलली गेली तर पुढच्या वर्षीची पिढीच नाहीशी होते, हेही ध्यानात घ्यावं.

लहानपणी कळव्यात, नेरूळला घरामागे दिसायचे. आता का दिसत नाहीत?

हा प्रश्न विचारताना लोकांचा आवाज बदलतो, आणि तो बदलायलाच हवा.

या जिवाला पंख नाहीत. मोठा झालेला किडा काही मीटरांच्या परिघात आयुष्य काढतो. लांबचा प्रवास होतो तो फक्त डिंभ असताना, नाकतोड्याच्या पाठीवर बसून. म्हणजे त्याला दोन गोष्टी लागतात: वर्षानुवर्षं न उकरलेली माती आणि नाकतोडे असलेलं गवत. सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक बसले, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट आलं, पार्किंगच्या छतावर बाहेरून आणलेल्या मातीची बाग झाली, की दोन्ही संपतात. त्या बागेत गुलाब फुलतील, मृगाचा किडा कुठून येणार? एकदा एखाद्या तुकड्यातून तो गेला आणि भोवती रस्ते झाले की परत यायला वाट उरत नाही.

डोंगरांवर वेगळं संकट आहे. हिवाळा-उन्हाळ्यात पारसिक, खारघर आणि येऊरच्या बाजूला गवताला आगी लागतात, बऱ्याचशा माणसांनीच लावलेल्या. खोल मातीतला माइट वाचतही असेल, पण पालापाचोळा जातो, त्यातले बारीक जीव जातात, आणि पहिल्या पावसात उघडी पडलेली वरची माती वाहून जाते.

आमच्या सोसायटीत काही करता येईल का?

येईल. एक कोपरा सोडा. कुंपणाच्या कडेची काही फूट जमीन, जिथे गवत कापणार नाही, पाला झाडणार नाही, फवारणी करणार नाही. झाडांच्या बुंध्याभोवतीचं सिमेंट फोडून घ्या. सोसायटी डोंगराला लागून असेल, म्हणजे बेलापूर, खारघर अशा ठिकाणी, तर मागच्या भिंतीला तळाशी फटी राहू द्या. सभेत हा विषय मांडला की ‘साप येतील’ असं कुणीतरी म्हणेलच. कचरा उघड्यावर पडला नाही की उंदीर येत नाहीत, आणि उंदीर नसले की साप रेंगाळत नाही, हे शांतपणे सांगा.

डबीत घालून घरी आणला तर?

आणू नका. तो काही तासांत सुकतो. येऊर तर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून कुठलाही जीव उचलून नेणं कायद्याने गुन्हा आहे.

नोंद कशी ठेवावी?

तारीख, वेळ, जागा आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, एवढं लिहा. फोटो वरून एक आणि बाजूने एक, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून काढा. किडे मोजता आले तर मोजा, आणि भोवती पंख गाळलेली वाळवी आहे का तेही पाहा. आयनॅचरलिस्ट या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना कुळापर्यंतच ओळख द्या.

आणि जूनवर थांबू नका. पावसाळाभर, अगदी ऑक्टोबरपर्यंत, गवतात नाकतोडे सापडतील. त्यांच्या पंखांच्या मुळाशी लाल मणी चिकटले आहेत का ते भिंगातून पाहा, नाकतोडा न दुखावता फोटो घ्या आणि तो कोणत्या झुडपावर होता ते लिहून ठेवा. प्रौढांचे फोटो भरपूर आहेत. डिंभांच्या अशा नोंदी मात्र कमी आहेत, आणि अभ्यासकांना त्याच जास्त हव्या असतात.